पहिला पेला

शहराच्या उंच टोकाला पाणी शुद्ध करायचं जुनं केंद्र आहे. तिथे पेलेकाकांनी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

केंद्र सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती. पहाटे शहराची मोठी झडप उघडण्याआधी पाळीवरच्या माणसानं टाकीच्या नळाचं पेलाभर पाणी काढायचं. ते खिडकीच्या उजेडात धरायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि पेला रिकामा करायचा. मग वहीत वेळ टाकून पुढे एकच शब्द लिहायचा, 'प्यालो', आणि त्यानंतरच झडपेच्या चाकाला हात लावायचा. "आपल्या घशाखाली उतरत नाही ते लोकांच्या घरात उतरवायचं नाही," असं ते साहेब म्हणत.

ते साहेब गेले, त्यांच्यामागून आणखी सहा आले नि गेले. रीत पेलेकाकांनी धरून ठेवली. बाकीचे न पिताच 'प्यालो' लिहितात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून सकाळची पाळी त्यांनी होता होईतो कुणाला दिली नाही. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते आधी पेला पिऊन, झडप उघडून मग लग्नाला पोचले.

"अहो, नवरीचा बाप आहात की पाणक्या?" बायकोनं सगळ्यांसमोर विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले, "पण पाणक्या आधीपासून आहे."

जीभ आणि नाक दोन्ही तिखट. एकदा नदीच्या वरच्या अंगाला कुणीतरी तेल सोडलं, ते यंत्राआधी त्यांना कळलं. त्यांनी वहीतली त्या दिवसाची ओळ कोरी ठेवली, झडप उघडली नाही. अर्धा दिवस शहर कोरडं राहिलं, लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, पण आजारी कुणी पडलं नाही. कौतुकही कुणी केलं नाही. नळाचं असंच असतं. तो नीट आला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

एकच सल होता, तोही घरातला. लेक दुसऱ्या शहरात राहायची. माहेरी आली की गाडीतून सामानाआधी पाण्याच्या बाटल्या उतरायच्या. नात जन्मल्यापासून या घरातल्या नळाचा एक घोट तिच्या ओठाला लागला नव्हता.

"अगं, तुझ्या बापानं पिऊन सोडलेलं पाणी आहे ते."

"बाबा, तुमच्यावर विश्वास आहे. नळावर नाही."

"आणि ही बाटली कुणी पिऊन सोडलीय? भरणाऱ्याचं तोंड तरी पाहिलंयस?"

"झाकण पॅक असतं तिचं."

"माझं तोंडही पॅक करा आता," असं म्हणून पेलेकाका अंगणात जाऊन बसायचे. थोड्या वेळानं आत येऊन पुन्हा तेच म्हणायचे, "एक दिवस. एकच दिवस तिला माझ्या हातचं पाणी पिऊ दे." लेक हसून विषय बदलायची. पाहुण्यांसमोर आपल्याच घरात बाटल्यांची रांग दिसली की त्यांना चारचौघांत कुणी थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं.

निवृत्तीला चार-पाच महिने राहिले असताना त्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळले, मग उठून पुन्हा कामाला लागले. पंधरा दिवसांनी गल्लीतली शिंपीणबाई फाटकाशी उभी राहिली.

"पेलेकाका, पाण्याला मातीचा वास येतोय हो."

"वास पाण्याला नसेल, तुमच्या हंड्याला असेल. घासा तो."

ती निघून गेली. त्याच संध्याकाळी ते चुलीपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि बायको बाहेरून धावत आली.

"अहो, दूध करपून कोळसा झालं! नाक काय गहाण टाकलंय?"

पेलेकाकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. उठून पातेल्यात डोकं घातलं. मग कांदा फोडून नाकाशी धरला, साबण धरला, रॉकेलची बाटली उघडली. काहीच नाही. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, तर नुसती वाळू. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं पुन्हा ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं.

"लेकीला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. मला वास आणि चव कळत नाही, पाणी तपासायचं यंत्र दीड वर्षापासून बंद आहे, गाळणीतली वाळू बदललेली नाही, तरी माझ्या पिण्यावर भरवसा ठेवू नये. अर्ज घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले. पाणीपुरवठ्याची बैठक नुकतीच उठली होती. लांब टेबलावर प्रत्येक खुर्चीपुढे एकेक बाटली होती, काही अर्ध्या, काही न उघडलेल्या.

साहेबांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिला.

"काका, असलं लेखी द्यायचं नसतं. यंत्राची मागणी गेलीय वर. तुमचे चार महिने राहिलेत, सुखानं काढा."

"पण साहेब, लोक पितात ते."

"कोण पितं नळाचं आता? ज्यांना झेपतं ते बाटलीचं पितात. बाकीचे उकळून पितात."

"आणि जे उकळत नाहीत ते?"

"त्यांना सवय झालेली असते." साहेबांनी एक बाटली पुढे सरकवली. "घ्या, दमलात तुम्ही."

पेलेकाकांनी बाटलीला हात लावला नाही. पण अर्ज पुन्हा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, तोही ठेवला नाही. खिशात घातला. आपण पाळी सोडली तर पुढचा माणूस न पिताच लिहील, आपण निदान पितो तरी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रोज पहाटे पेला उजेडात धरायचे, नाकाशी न्यायचे, घोट घोळवायचे आणि 'प्यालो' लिहायचे. शिंपीणबाई समोरून आली की मात्र रस्ता बदलायचे.

शेवटचा दिवस आला. लेक नातीला घेऊन आदल्या दिवशीच आली होती. पहाटे पेलेकाका निघाले तर दोघी कपडे करून तयार.

"बाबा, आज आम्ही पण येणार. आणि आज ही तुमच्या हातचं पिणार. एकच दिवस म्हणत होतात ना? हीच माझी भेट."

बायकोनं पेलेकाकांकडे पाहिलं. ते चपला घालत राहिले.

केंद्रात नुकतंच उजाडत होतं. नातीनं चाक पाहिलं, वही पाहिली आणि ती पानामागून पान उलटून 'प्यालो, प्यालो' वाचत हसत सुटली. पेलेकाकांनी पेला भरला. खिडकीशी धरला. पाणी दिसायला स्वच्छ होतं. पण ते नदीत तेल आलं तेव्हाही दिसायला स्वच्छच होतं.

"आजोबा, आधी मी!" नातीनं दोन्ही हातांनी पेला घेतला. नाकाशी नेला, अगदी त्यांच्यासारखा. "आजोबा, याला कसला तरी वास येतोय. पण तुम्ही रोज पिता ना? मग मी पण पिते."

तिनं पेला ओठाला लावला तोच पेलेकाकांनी झडप घालून तो हिसकावला. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. उरलेलं त्यांनी मोरीत ओतलं. मग लेकीच्या पिशवीतून स्वतः बाटली काढली, झाकण फोडलं आणि नातीच्या हातात दिली.

"हे पी."

नात रडायला लागली. लेकीनं रिकामा पेला उचलून नाकाशी नेला.

"तुम्हाला वास कधीपासून कळत नाही, बाबा?"

"चार महिने."

"आणि रोज गावाला सोडलंत?"

त्यांनी वही ओढली, वेळ टाकली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, 'प्यालो नाही'. झडपेला हात लावला नाही. थोड्या वेळानं फोन वाजला. नळ का आले नाहीत, असं साहेब विचारत होते. पेलेकाकांनी सांगितलं. पलीकडून एक सुस्कारा आला, ओरडणंसुद्धा नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस स्कूटरवरून आला, त्यांच्याकडे न बघता त्यानं चाक फिरवलं आणि वहीचं ते पान फाडून नव्या पानावर 'प्यालो' लिहिलं. पाणी गेलं. शिंपीणबाईचा हंडा भरला असेल.

दुपारी निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब रिती, निष्ठा वगैरे बरंच बोलले. टाळ्या झाल्या, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्रत्येक खुर्चीवर एकेक बाटली ठेवलेली होती. बोला म्हणाले तर पेलेकाकांना ठसकाच लागला, सकाळपासून त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं. कुणीतरी झाकण काढून बाटली त्यांच्या हातात दिली.

ते उभ्या उभ्या सगळी प्यायले. आधी सवयीनं नाकाशी नेली, मग घोट घोळवला. त्यांना काहीच कळलं नाही.