हळदीच्या वेळी आक्काला माईक दिला

माझ्या बहिणीची गोष्ट सांगायची म्हणजे आधी माझीच लाज सांगावी लागती. सांगतो. इलाज न्हाई.

महानंदा माझी थोरली बहीण. औशाजवळच्या एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस हाय. तिच्या एकोणतिसाव्या वर्षी दाजी गेले, तवापासून तिनं एकटीनं संसार ओढला, पोरं शिकवली. वरून बघाल तर साधी बाई. पण माईक हातात आला की, बाप रे! गाणं न्हाई, ढोलकी न्हाई, कागद न्हाई. नुसती उभी राहती अन् बोलती. सगळं तिचं तिनंच जुळवलेलं. लोक त्याला "महानंदाबाईचे बोल" म्हणतात.

सुरुवात कशी झाली तेही ऐका. सात वर्षांमागं संक्रांतीला गावच्या शाळेत हळदीकुंकू होतं. खुर्च्या आक्कानं मांडल्या, तिळगूळ आक्कानं वळला, अन् कुंकू लावायची वेळ आली तशा बायका म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला बसा." भिंतीला टेकून आणखी चौघी आधीच बसलेल्या. आक्का सरळ माईकपाशी गेली.

"खुर्च्या मांडणारा हात चालतो,
तिळगूळ वळणारा हात चालतो,
मग कुंकवाच्या करंड्यापाशीच
ह्या हाताला काय होतंय, बायांनो?"

मग सरपंचबाई उठल्या अन् त्या पाचजणींना त्यांनी स्वतः कुंकू लावलं. पुढं ग्रामसभेत तसा ठरावच झाला. मग काय, उदगीर, मुखेड, हिमायतनगर, बोलावणं येईल तिथं आक्का. न्यायला-आणायला मी. लातुरात माझं भांड्याचं दुकान हाय, ते नोकरावर टाकून गाडी काढायचो. पहिल्या रांगेत बसायचो, सगळ्यात आधी टाळी माझी. आम्ही लिंगायत, आमच्यात विटाळ मानत न्हाईत, हेही छाती काढून मीच सांगायचो. लई शहाणा मी!

गेल्या वर्षी माझ्या पोरीचं, अंजूचं लग्न जमलं. अंजू आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं एकच अट घातली, "पप्पा, पहिली हळद आत्या लावंल." मी म्हणालो, "हाव, त्यात काय इचारायचं?" आक्काला फोनही मीच केला. ती म्हणाली, "शिवा, नक्की ना? घरात इचार एकदा."

"अगं, घर माझंच हाय की!"

तिनं त्या दिवसासाठी पिवळी साडी घेतली. दाजी गेल्यापासून तिच्या अंगावर पिवळा रंग मी बघितलाच नव्हता.

हळदीच्या सकाळी नवरदेवाकडच्या दोन बायका आल्या. त्यातली एक माझ्या बायकोच्या कानाशी लागली. बायकोनं, अंबिकानं, मला स्वयंपाकाच्या मांडवामागं ओढलं. "त्यांना आक्कांचं पटंना झालंय. पोरीला उद्या तिथं नांदायचंय, बघा बाबा." बस, एवढंच. कुणी भांडलं न्हाई, कुणी लग्न मोडतो म्हणालं न्हाई. अन् एवढ्यातच माझी तंतरली.

आक्काला तोंडावर सांगायची हिंमत न्हाई, म्हणून मी हिकमत लढवली. पाच सवाष्णींची नावं चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी अन् माईक तिच्या हातात दिला. "आक्का, तुझ्यासारखं बोलणारं हाय कोण इथं? हळदीला नावं तूच पुकार." वर हसलो. माईकचा मान दिला की हळदीचं ती विसरंल, असा माझा हिशेब. थू माझ्या जिंदगानीवर!

तिनं चिठ्ठी वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, अन् मला वाटलं, आता ही भर मांडवात माझी धूळधाण करती. केली असती तर बरं झालं असतं. तिनं माईक तोंडाशी धरला अन् खणखणीत आवाजात नावं पुकारली. केवळाबाई, तारामती, साखराबाई... पाचही. एकाही नावाला आवाज कापला न्हाई. अंजू पाटावरून उठायला लागली, तर आक्कानंच तिला हातानं "बस" अशी खूण केली. अंजू मला शोधत होती. मी मंडपवाल्याशी उगीच भांडण काढून पाठ फिरवली.

लग्न पार पडलं. आक्कानं अक्षता टाकल्या, जेवली, सगळ्यांशी बोलून गावाकडं गेली. मला एका शब्दानं बोलली न्हाई. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतो!

दोन महिन्यांनी मुदखेडला तिचा कार्यक्रम होता. मी नेहमीसारखी गाडी नेली, ती नेहमीसारखी बसली. रस्त्यात अंजूची खुशाली विचारली. हॉल गच्च भरलेला. आक्का दारूवर बोलली, पोरींच्या शाळेवर बोलली. टाळ्यांवर टाळ्या. मग मागून मोकळ्या कपाळाची एक म्हातारी उठली. "बाई, ते कुंकवाचं म्हणा की. सुनंला ऐकवायला मुद्दाम आणलंय मी. घरात नातवाचं बारसं हाय."

अख्खा हॉल "म्हणा, म्हणा" करायला लागला. आक्कानं माईक खाली घेतला. परत वर घेतला.

"मावशी, माफ करा. ते मी सोडलं आता."

"का वं, बाई?"

"माझ्याच माणसांनी ऐकलं न्हाई ते. तुमच्या सुनंला कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा न्हाई. म्हातारी हळूच खाली बसली. तिची सून मोबाईलमधी बघत होती. आक्का पाणी प्यायली अन् स्टेजवरून उतरली. माझ्या शेजारी बसलेले गुरुजी हळहळले. "काय माणसं असतील हो घरची! तुम्ही त्यांच्यासंगच आलात ना? कोण त्यांचे तुम्ही?"

"ड्रायव्हर," मी म्हणालो.