फुगा घेऊन घरी गेलेली अश्विनी

“फुगा आत ठेवून हिला घरी पाठवताय व्हय?” अश्विनीच्या सासूबाईंनी विचारलं. “आमी तर सगळं बांधून आणलंय. दुपटी, थर्मास, डबा.”

भोसरीतल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये मी लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर आहे. अश्विनीचे दिवस भरून सहा दिवस वर गेले होते आणि कळांचा पत्ता नव्हता. अशा वेळी कळा सुरू करून द्याव्या लागतात. त्याला आम्ही इंडक्शन म्हणतो. एक मऊ नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात आणि तिच्या टोकाच्या फुग्यात सलाइन भरतात. फुग्याच्या दाबानं तोंड हळूहळू उघडतं. त्याला बरेच तास जातात.

अश्विनीच्या आधी आम्ही अशा पेशंटला अ‍ॅडमिटच करायचो. तिच्या आठवडाभर आधी शबाना नावाची मुलगी फुगा ठेवून दिवसभर कॉटवर पडून होती. डिस्चार्जच्या वेळी म्हणाली, “सिस्टर, मला तेव्हा फारसं दुखत नव्हतं. पण शेजारणीचं ओरडणं ऐकूनच मी अर्धी झाले.”

ते माझ्या डोक्यातून जाईना. मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, तब्येत चांगली असेल आणि घर जवळ असेल, तर फुगा ठेवून घरी पाठवून बघू. काही ठिकाणी तसं करतात, हे मॅडमना माहीत होतं.

“घरी काही झालं तर?”

“कधी यायचं ते मी समजावीन.”

“नीट समजवा,” मॅडम म्हणाल्या. “पहिल्याच केसमध्ये गडबड झाली तर पुन्हा करणार नाही.”

अश्विनी ती पहिली केस. घर दहा मिनिटांवर. सकाळी नऊला फुगा ठेवला. बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ काढला, तो छान आला. नवरा चाकणला कंपनीत, तो मोबाइलवर सूचना लिहून घेत होता. मी विचारलं, “दिवसभर घरी कोण?”

“आई. मी शिफ्टला जाणार.”

मग मी त्याला बाजूला बसवलं आणि सासूबाईंना समोर बसवलं. “मावशी, पाणी गेलं, रक्त गेलं, ताप आला, कळा जोरात आल्या किंवा बाळ हलायचं कमी झालं, तर लगेच निघायचं. नाहीतर संध्याकाळी सहाला यायचं.”

“पानी गेलं तर कसं कळंल?”

“कपडा ओला होईल. रंग बघा. पांढरट असला तरी यायचं, हिरवट असला तर मिनिटभरही थांबायचं नाही.”

त्यांच्याकडून मी सगळं दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा त्या वैतागल्या. “ध्यानात हाय माझ्या.”

दुपारी तीनला रिक्षातून दोघी उतरल्या. अश्विनी संकोचली होती. “सिस्टर, मी म्हणत होते सहाला जाऊ. यांनाही फोन केला, तेही थांबा म्हणाले. पण आईंनी रिक्षाच आणली.”

सासूबाईंनी पिशवीतून पॅड काढलं. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं. “बघा. हिरवं हाय का न्हाई?”

होतं. म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती. ती श्वासात गेली तर बाळाला धोका असतो. मी ताबडतोब मॉनिटर लावला. ठोके चांगले होते, पण आता सतत नजर हवी होती. मॅडम आल्या, तपासलं. फुगा आपोआप निसटला होता आणि तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. कळा वाढवायला सलाइनमधून औषध सुरू केलं. बालरोगतज्ज्ञांना बोलावून ठेवलं. दोनदा ठोके मंदावले तेव्हा मॅडमनी ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. कुशीवर वळवल्यावर दोन्ही वेळा ते सावरले.

साडेसहाला मुलगी झाली, नॉर्मल. क्षणभर शांत राहिली आणि मग चांगली खणखणीत रडली. तो क्षण मला फार लांब वाटला.

दुसऱ्या दिवशी मी अश्विनीला विचारलं, घरी कसं वाटलं?

“पोटात जड लागत होतं. पण मी वरण-भात खाल्ला, झोपले, आमच्या बाथरूममध्ये अंघोळ केली. भीती मात्र इथे कमी वाटली.” खरं बोलली, म्हणून मी ते जसंच्या तसं मॅडमना सांगितलं.

मॅडमनी पुढच्या आठवड्यातल्या केसची फाइल माझ्यापुढे सरकवली. “हिला तुम्ही समजवा.” बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी शाबासकी मला पुरेशी होती.

घरी पाठवण्याचा निर्णय डॉक्टरच घेतात. पण सूचना फोनवर लिहून घेणाऱ्याला नाही, घरी थांबणाऱ्या माणसाला द्यायच्या. आणि ते माणूस वैतागेपर्यंत द्यायच्या.