बिसेन साहेबांनी सोडलेलं वकीलपत्र

दुर्गेश्वरी पटले दवनीवाड्याची. घराण्यात धान लावणारेच सगळे. काळा कोट अंगावर चढवणारी ती पहिलीच. नागपूरला शिकून ती गोंदियात परतली आणि टेकचंद बिसेन वकिलांच्या ऑफिसात लागली. दिवाणी कामात बिसेन साहेबांचा शब्द म्हणजे जिल्ह्यात वजनदार शब्द. हाताखाली सहा ज्युनियर, बाहेर अशिलांची रांग. दुर्गेश्वरी त्यांना गुरू मानायची.

मग बायजाबाई मडावीचं अपील आलं. बायजाबाई इटियाडोह धरणाकडच्या जंगलपट्ट्यातली गोंड बाई. तिच्या गावाला खेटून गिट्टीची खदान सुरू झाली होती. सुरुंग उडाला की घरं हादरायची. भिंतींना तडे गेले, विहीर गढूळ झाली. खालच्या कोर्टानं मनाईहुकूम नाकारला, म्हणून ती गोंदियाला आली. खदान होती ओमेशभाऊंच्या साळ्याची. ओमेशभाऊ सत्तेतले पुढारी. त्यांना विचारल्याशिवाय इकडे पान हलत नसे.

"बाई, वकिलापासून काही लपवू नका," साहेब म्हणाले.

बायजाबाई घुटमळली. मग म्हणाली, "घराच्या जागेचा पट्टा, मालकीचा सरकारी कागद, अजून भेटला नाही जी. अर्ज करून ठेवला हाये."

"इथलं इथंच राहील," साहेबांनी शब्द दिला आणि वकीलपत्रावर सही केली. दुर्गेश्वरी शेजारी बसून टिपणं काढत होती.

फार दिवस गेले नाहीत. एका पतसंस्थेनं आपली कामं ऑफिसकडून काढून घेतली. पाठोपाठ दोन शिक्षण संस्थांनी, मग एका राईस मिलवाल्यानं. कारण कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. एका दुपारी साहेब दुर्गेश्वरीला म्हणाले, "चल बेटा, फुलचूरला जाऊन येऊ."

फुलचूरच्या बंगल्यात ओमेशभाऊ सोफ्यावर पाय पसरून मोबाईल पाहत होते. साठी उलटलेले बिसेन साहेब वाकले आणि त्या चाळिशीतल्या माणसाच्या पायांना त्यांनी हात लावला. दुर्गेश्वरीनं नजर दुसरीकडे वळवली.

"वकीलसाहेब, हमारे ही खिलाफ?" भाऊंनी मान वर न करता विचारलं.

"गलती हो गई, भाऊ. उद्याच वकीलपत्र सोडतो. आणि यापुढं तुमच्या संस्थांची कामं आमचं ऑफिस फुकटात करेल."

भाऊंनी मान डोलावली. तिथंच उठता आलं असतं. पण साहेब पुढं सरकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "अजून एक. त्या बाईच्या घराला पट्टाच नाही. अतिक्रमण म्हणून काढता येईल."

हे कोणी विचारलंही नव्हतं. भाऊ खूश होऊन हसले, पेढे मागवले. साहेबांनी दोन खाल्ले आणि बोटं चाटली.

गाडीत बसल्यावर ती क्षणभर शहरातली मराठी विसरली. "सर, अशिलाची गोष्ट त्याहीले काऊन सांगितली?"

"या ऑफिसवर सहा घरं चालतात, बेटा. तुझंही त्यात आलं."

"माझ्या घराचं नाव घेऊ नका. त्यांनी मागितलंही नव्हतं, सर. तुम्ही आपणहून ताट वाढून दिलं."

त्याच संध्याकाळी तिनं ऑफिस सोडलं.

आठवडाभरात साहेबांनी वकीलपत्र सोडलं आणि बायजाबाईच्या दारावर अतिक्रमणाची नोटीस चिकटली. ती तडक दुर्गेश्वरीकडे आली. "पट्ट्याचं त्याहीले कोनं सांगतलं, बाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. "साहेबांनी. माझ्यासमोर."

"मंग तुमी कायले तोंड शिवून बसल्या होत्या?"

दुर्गेश्वरीला साहेबांची किळस आली होती. आता स्वतःचीही आली. तिनं विचारलं, "तुमची केस मी चालवू का?"

"दुसरा कोन चालवून राहिला?" बायजाबाई म्हणाली आणि कागदावर अंगठा उठवला.

दुर्गेश्वरीनं अपील चालवलंच, शिवाय बिसेन साहेबांविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रारही केली; साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव दिलं. तेव्हापासून ती बाररूममध्ये शिरली की बोलणं थांबायचं. "ज्या ताटात जेवली त्यातच थुंकली," कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. बिसेन साहेबांनी भाऊंचे पाय धरले हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल मात्र कोणाला काही वाटलं नाही. अर्ध्यांना तर भाऊंच्या दारात आपला नंबर कधी लागतो याचीच घाई होती.

निकाल लागेपर्यंत सुरुंग बंद, असा हुकूम मिळाला. पट्ट्याचा अर्ज लटकलेला असताना घर पाडता येणार नाही, म्हणून नोटीसही थांबली. तक्रार मात्र मुंबईत बार कौन्सिलकडे धूळ खात पडली.

आणि बिसेन साहेब सरकारी वकील झाले. बाररूममध्ये सत्कार ठेवला होता. पाठीमागे त्यांना शिव्या घालणारेच हार घेऊन एकमेकांना ढकलत होते. दारातून जाणारी दुर्गेश्वरी साहेबांना दिसली.

"बेटा, ये ना. फोटोत उभी राहा."

हार धरलेले हात थांबले. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मले ओकारी येऊन राहिली, सर," ती मोठ्यानं म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली बायजाबाई गावच्या दोघींना घेऊन थांबली होती. त्यांच्या घरांवरही आता नोटिसा आल्या होत्या.