पाण्याची पट्टी

वानखडे मॅडम लॅबमध्ये आल्या की आधी चहा नाही, खुर्ची नाही. थेट विचारायच्या, "पाणी काय म्हणते वं?"

हे प्यायचं पाणी नव्हे. अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये क्षयाच्या रोग्याच्या बेडक्यातला जंतू कोणत्या जातीचा, नेहमीच्या औषधांना दाद देणारा की न देणारा, हे त्याच्या डीएनएवरून ओळखतात. पट्ट्यांवर रेघा उमटतात, त्या वाचायच्या. दर खेपेला एका नळीत मात्र नमुना नाही, नुसतं शुद्ध पाणी घालायचं. त्या पाण्याच्या पट्टीवर जंतूची रेघ आली, तर आपल्याच हातून कुठेतरी सरमिसळ झाली. मग सगळ्या पट्ट्या बाद. "पाण्यात जंतू निघाला त बाकीच्या पट्ट्यायले काय चाटाचं?" मॅडम म्हणायच्या. नमुना धारणीहून जीपने आलेला असो की एखाद्या बड्या साहेबाचा, पाण्यावाचून त्या सही करत नसत.

बाळापूरच्या शेतकरी घरातली ही बाई. आवाज खणखणीत. कोणी नुसतं खाकरलं तरी "जाय, बेडका देऊन ये" म्हणून हाकलायच्या. स्वतः मात्र उन्हाळाभर खोकत राहिल्या. "माहेरी गेलती ना, तुरीचं कुटार बसलं घशात." आम्ही सगळे क्षयाचेच जंतू हाताळणारे, आणि आम्हीही त्या भुशावर विश्वास ठेवला! मग एका सकाळी त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं.

त्यांचा नमुना मी लावला. पट्टीवर रेघ आली, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जातीची. पण शेजारी पाण्याच्या पट्टीवरही रेघ होती! देवा, तुझे उपकार! आयुष्यात पहिल्यांदा मी बिघडलेल्या पाण्यावर खूश झाले.

काचेपलीकडे मॅडम मास्क लावून उभ्या होत्या. "हासून काहून राहिली? आखीन लाव."

मी दुसरी खेप लावली. पट्ट्या रंग धरू लागल्या. मी पाण्याच्याच पट्टीकडे बघत होते. उमट गं बाई, एवढं एकदा उमट. ती कोरीच राहिली. मॅडमच्या पट्टीवर तीच रेघ, ठळक.

"पाणी काय म्हणते?"

"काहीच नाही म्हणत, मॅडम."

"मंग बरोबर हाये." त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मले लई भेव लागून राहिलं वं." त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्या जातीची वेगळी औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. दिवाळीआधीच मॅडम गेल्या.

आता नव्या मुलींना ते पाणी मी शिकवते. पाण्याच्या पट्टीवर रेघ आली की त्या घाबरतात. मला ती कोरी दिसली की भीती वाटते.