पाचवी फळी

कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करायची. एक पेन्सिल कानामागे ठेवायची, दुसरी अंबाड्यात, आणि तिसरी शोधत फिरायची. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायची. ‘बघू’ म्हणाली की समजायचं, नाही. सगळी नखं मुळापर्यंत कापायची, उजव्या अंगठ्याचं तेवढं राखायची. आनंद झाला की तो लपवायला कुणावर तरी ओरडायची.

बुधवारी ती गेली. आज शुक्रवार.

ती माझ्या नात्यातली नव्हती. आमच्या कराटेच्या वर्गातल्या एका मुलीची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती मुकादम होती. भाऊ-भावजय गेल्यावर भाचीला तिनेच वाढवलं. नऊ वर्षांच्या त्या पोरीला हाताला धरून ती पहिल्यांदा वर्गात आली आणि भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिली. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत हाताने फळी फोडून दाखवावी लागते. त्यासाठी सरांनी आणलेल्या फळ्या तिने एकदा बाकावरूनच पाहिल्या.

“सर, या फळ्या आहेत की पोरांशी वैर?”

फळ्यांत गाठीच गाठी होत्या. तेव्हापासून सोळा वर्षं फळ्यांचं सगळं तिच्याकडे. आणणं, निवडणं, कोणी कोणासमोर कशी धरायची ते ठरवणं. स्वतः तिने आयुष्यात कधी ठोसा मारला नाही.

परीक्षेआधीच्या रविवारी सकाळी कारखाना बंद असायचा. आम्ही दोघी भुशात मांडी घालून बसायचो. ताज्या लाकडाचा वास कपड्यांत दोन दिवस राहायचा. ती फळी कानाशी धरून बोटाने वाजवायची, मग माझ्या कानाशी धरायची.

“साहित्य शिकलीस ना? सांग, काय म्हणते?”

“काहीच म्हणत नाही.”

“मग ओली आहे. ठेव तिकडे. बोलकी फळी फुटते, मुकी हात मोडते.”

लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात, धरणाऱ्याची कोपरं ताठ हवीत, हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. फळी फुटली नाही म्हणून कुणी लाकडाला नावं ठेवू लागला की तिचं उत्तर ठरलेलं होतं. “नाचता येईना, अंगण वाकडं!”

एकदाच अंगण खरंच वाकडं होतं. आणि ते तिनेच केलं होतं.

गेल्या वर्षीची परीक्षा. सात जण. भाची पाचवी. बाकी सगळं तिला उत्तम यायचं, पण फळीवर ती आधी दोनदा अडली होती. ही तिसरी वेळ. आठवडाभर हवा दमट होती म्हणून आत्याने फळ्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी. दोन दिवस ठेवायच्या, त्या कामाच्या धांदलीत पाच दिवस राहिल्या.

पहिली फळी फुटली. दुसरी फुटली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याने मान किंचित तिरकी केली. तिसरी, चौथी. मग भाची पुढे आली. एकाच ठोशात फळीचे दोन तुकडे झाले. सभागृहात टाळ्या. भाचीने वळून आत्याकडे पाहिलं. ते तोंड मी विसरणार नाही.

आत्या खाली वाकली. तुकडा उचलून तिने अंगठ्याचं नख त्यात दाबलं.

“थांबा,” ती म्हणाली.

सर हळू आवाजात म्हणाले, “आत्या, नंतर बोलू आपण.”

“नंतर काय बोलायचं? पोरं बिस्किटं फोडतायत.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. “फळ्या तुम्हीच आणल्या ना?”

“मीच. भट्टीला लावून भाजल्या मी. चूक माझी आहे, पण या फुटल्या असं धरू नका. मागच्या खोलीत जादा गठ्ठा आहे, तो चांगला आहे.”

पाचही जणांना पुन्हा बोलावलं. चौघांनी पुन्हा फोडल्या, त्यातल्या एकाने दुसऱ्या प्रयत्नात. भाचीने तीनदा मारलं. फळी फुटली नाही. चौथा प्रयत्न द्यायचा नाही, असा नियम. सुजलेला हात पोटाशी धरून ती आमच्यासमोर आली.

“आत्या, तुला पाचव्या फळीलाच ऐकू आलं?”



त्या संध्याकाळी आम्ही फुटक्या फळ्या पोत्यात भरत होतो. मी म्हटलं, ती रागाच्या भरात बोलली, मनावर घेऊ नकोस.

“खरं बोलली,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या फळीलाच कळलं होतं मला. वाटलं, हिची होऊन जाऊ दे. मग गप्प बसेन जन्मभर. झाली तिची. सगळे टाळ्या वाजवत होते. माझे हातच वर येईनात.”

मी पोत्याचं तोंड बांधलं.

त्यानंतर सात महिने एका घरात दोघी अबोल. एकच चूल, पण जेवणं वेगवेगळ्या वेळी. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढंच आत्या म्हणायची, आणि विषय बदलायची. भाची वर्गातही येईना. आत्या मात्र दर रविवारी बाकावर येऊन बसायची. सर विचारायचे, “कशी आहे ती?” आत्या म्हणायची, “हात बरा आहे.”

मग तीन आठवड्यांपूर्वी आत्याचा फोन आला. मी काही बोलायच्या आत माझ्यावर ओरडायला लागली. फोन उचलायला एवढा वेळ का, काय झोपा काढता काय सगळ्या! मी ऐकत राहिले.

“अगं, बोलली ती,” शेवटी म्हणाली. “पिशवी भरत होती वर्गाची. म्हणाली, ‘यंदा फळ्या कच्च्या की भाजलेल्या?’ टोमणा मारला मला! टोमणा!”

परीक्षा या रविवारी आहे. आत्या बुधवारी कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. काल सरांनी फळ्यांचं काम माझ्याकडे दिलं. भाचीनेच गठ्ठा आणून दिला. डोळे सुजलेले. म्हणाली, “मी रविवारी येणार आहे. आत्याला सांग.” मग तिच्या लक्षात आलं आणि ती जिन्यातच बसली. मीही तिच्याशेजारी बसले.

गठ्ठ्यावर आत्याच्या हातचा कागद होता. फळ्या निवडून झालेल्या, मोजून बांधलेल्या. कोणाची फळी कोण धरणार, याची यादी. नातेवाइकाने फळी धरायची नाही, हा नियम आत्याचाच. कुणाच्या काकाने एकदा हात ढिला सोडला होता, तेव्हापासूनचा. सहा जणांपुढे धरणाऱ्यांची नावं ठळक अक्षरांत होती. भाचीपुढे आधी माझं नाव होतं, खोडलेलं. मग सरांचं, तेही खोडलेलं. त्याखाली बारीक अक्षरात ‘मी’. त्यावर एक रेघ, पण अर्धीच.

पुढे काही लिहिलेलं नाही.