पहिली निवड माझी

माझ्या मैत्रिणीच्या कोंबड्या माझ्या कोंबड्यांपेक्षा चांगल्या आहेत, हे आज मी सरळ सांगते. तेव्हा सांगत नव्हते. तेव्हा म्हणायचे, तिला काय, गोराईला ऐसपैस अंगण आहे, नारळाची सावली आहे, समुद्राचा वारा आहे. जोगेश्वरीच्या सोसायटीत, तळमजल्याच्या मागच्या चिंचोळ्या पट्टीत पाळून दाखव म्हणावं.

आम्ही दोघी सिल्की पाळतो. सिल्की ही लहानशी कोंबडी, अंगावर पिसांऐवजी कापसासारखी लव, डोक्यावर गोंडा, कातडी काळी आणि पायाला चाराऐवजी पाच बोटं. अंडी बेताचीच देते. थोडक्यात, ती पाळणारा माणूस निव्वळ हौशी असतो. अशा हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणाची कोंबडी अंडी द्यायची थांबली, कुणाच्या सशाचे दात वाढले, उवांवर काय लावू असं एकाने विचारलं की दहा जणांची दहा उत्तरं. मुलुंडचे एक निवृत्त काका तर ‘सुप्रभात’ म्हणून रोज आपल्या सशाचाच फोटो टाकतात.

माझ्या मैत्रिणीने फोटो टाकला की मात्र बदामांचा पाऊस पडायचा. पहिला बदाम माझा असायचा. पोटात दुखत असलं की हात जरा जास्तच तत्परतेने चालतात.

ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण पहिल्याच भेटीत ‘अहो-जाहो नको गं’ म्हणाली. दर हिवाळ्यात आमच्याकडे प्रदर्शन भरतं. पांढऱ्या सिल्कीचा कप ओळीने तीन वर्षं तिला मिळाला आणि तिन्ही वर्षं मी दुसरी आले. दुसऱ्या नंबराला कागद मिळतो. ते तीन कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवले होते. गावाहून आलेल्या आईने ते बघून विचारलं, “कोंबडी ती कोंबडी, तिका कप कित्याक व्हयो?” मला आईचा रागच आला. मला तो कप हवा होता. एकदा तरी.

आमच्या सोसायटीत कोंबड्या चालतात, कारण पहिल्या मजल्यापर्यंत अंडी पोचतात. कोंबडा चालत नाही, तो आरवतो. म्हणून दरवर्षी मी माझी कोंबडी झाकणाच्या टोपलीत घालून होडीने गोराईला नेते आणि तिच्या कोंबड्याजवळ सोडते. कोंबडी तिथेच अंडी उबवते. आम्हा हौशी लोकांचा याबाबत एक जुना नियम आहे. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की पहिली निवड कोंबडीच्या मालकाची, दुसरी कोंबड्याच्या मालकाची. एकदा उचललेलं पिल्लू बदलून मिळत नाही.

गेल्या प्रदर्शनाच्या आधीच्या खेपेला पाच पिल्लं होती. त्यातली दोनच घेण्यासारखी. एक छाती काढून उभं, गोंडा आत्तापासूनच भरलेला, माझ्याकडे थेट बघणारं. दुसरं गोलमटोल, लाजाळू, पाण्याच्या भांड्यामागे दडलेलं. मी पहिल्याकडे हात नेला तशी ती म्हणाली, “अजून तीन महिने थांब गं. सिल्कीचं इतक्यात कळत नाही.”

मला वाटलं, हिचाच डोळा आहे त्याच्यावर. मी त्याच संध्याकाळी ते पिल्लू मांडीवर घेऊन होडीत बसले.

चौथ्या महिन्यात एका पहाटे ते आरवलं.

सिल्कीत नर कोणता, मादी कोणती, हे चार-पाच महिने कळत नाही. जे पिल्लू लवकर रुबाब दाखवतं ते बहुतेक वेळा नर निघतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ग्रुपवर नवीन लोकांना मीच हे समजावून सांगते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. मी दोन चादरी टाकून ते खरोखरच करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दाराशी आले, आणि चौथ्या दिवशी मी पुन्हा होडीत होते.

तिने कोंबडा ठेवून घेतला. हसली नाही, ‘तेव्हाच सांगितलं होतं’ असंही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला रागवता तरी आलं असतं. आणि अंगणात, त्या पाण्याच्या भांड्याजवळ, ती दुसरी उभी होती. दडणाऱ्या पिल्लाची आता तरणी कोंबडी झाली होती, गोंड्याने डोळे झाकले होते, पायाच्या बोटांपर्यंत पांढरीशुभ्र लव. माझ्याच कोंबडीची लेक. परतीच्या होडीत माझा नुसता जळफळाट झाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पांढऱ्या कोंबड्यांना आंघोळ घालतात. तीन टब मांडायचे. पहिल्यात शांपू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात नीळ. निळीचे तीन-चार थेंब लवेवरची पिवळट झाक मारतात. आम्ही दोघी दरवर्षी हे काम तिच्या अंगणात एकत्र करतो. गेल्या वर्षी तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, दुसऱ्यात सुरू झाला होता. ऑपरेशन तिने प्रदर्शनाच्या पुढे ढकललं होतं.

“नीळ तूच घाल,” ती म्हणाली. “मला रंग कळत नाही आता.”

माझ्या म्हाताऱ्या कोंबडीच्या पाण्यात मी चार थेंब मोजून टाकले. मग पाणी बदललं. तिच्या त्या तरण्या कोंबडीच्या वेळी मी बाटली तिरकी केली आणि तशीच धरून ठेवली. हात घसरला, असं पुढे मी स्वतःला सांगून पाहिलं. पण घसरलेला हात माणूस लगेच मागे घेतो.

आतल्या बल्बच्या उजेडात आम्ही दोन्ही कोंबड्यांना टॉवेलने टिपलं आणि ड्रायरने सुकवलं. कोंबडी मांडीवर घेऊन ती म्हणाली, “बरी दिसते ना?”

“झकास,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या मैदानावर, मांडवाच्या कडेच्या उन्हात, ती कोंबडी शाळेच्या नव्या शर्टासारखी निळसर दिसत होती. मुलुंडचे काका सशाचा पिंजरा घेऊन जाताना थबकले आणि म्हणाले, ही काय कोल्ह्यासारखी निळीच्या पिंपात पडली? आजूबाजूचे हसले. मीही हसले. परीक्षकांनी तिला उचललं, लवेवर फुंकर मारून कातडी पाहिली, बोटं मोजली, अंगाची गोलाई हाताने चाचपली. त्यांना ती आवडली होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी तिला उन्हात धरलं, मान हलवली आणि कार्डावर ‘रंग’ एवढंच लिहिलं.

कप माझ्या कोंबडीला मिळाला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मैत्रीण आपली कोंबडी डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बराच वेळ बघत होती. मग तिने शेजारच्या पिंजऱ्यातली माझी कोंबडी तशीच जवळ धरून पाहिली. अंगण एक, दिवस एक, बाटली एक. “अभिनंदन गं,” ती म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला. दरवर्षीप्रमाणे तिने दोघींचं जेवण आणलं होतं. मी चार घास खाल्ले आणि डबा झाकला.

कप टीव्हीशेजारी ठेवला. महिन्याभरात तो मला बघवेना. हेवा मात्र तसाच राहिला, कारण तिची कोंबडी अजूनही माझ्या कोंबडीपेक्षा चांगलीच होती, आणि आता हे माझ्याइतकं खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. तिचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. मी फोन केला, तिने मोकळेपणाने गप्पा मारल्या. कोंबडी नेहमीसारखी पाठवू का, असं विचारलं तर पाठव म्हणाली. मी कोंबडी सोडून आले. ठरल्या वेळी पिल्लं निघाली आणि सहा आठवड्यांनी तिने बोलावलं.

मी गेले. अंगणात चार पिल्लं होती. एक छाती काढून चालणारं, एक कोपऱ्यातलं, बाकीची दोन मधलीच. मी खाली बसले. ती पायरीवर बसली होती, स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे बघत. मी वाट पाहत राहिले की ती म्हणेल, थांब गं, इतक्यात कळत नाही.

शेवटी मीच विचारलं, “यंदा थांबू का गं तीन महिने?”

“पहिली निवड तुझी,” ती म्हणाली, आणि पाण्याचं भांडं भरायला उठली.