माणिकरावांचा घण आणि धम्मानंदचा डबा

झरीच्या माणिकराव मिस्तरींचा दोघांवरच विश्वास होता: पोखर्णीच्या नृसिंहावर आणि स्वतःच्या घणावर. देवाला ते शनिवारी भेटत, घणाला रोज. लेथवर त्यांचा हात असा हळुवार चाले, की माणूस लोखंडाला गोंजारतोय असं वाटावं. पण तयार केलेली वस्तू बसवायची वेळ आली, की त्यांच्या अंगात पैलवान संचारायचा.

त्या हिवाळ्यात ऐन हंगामात बायनाबाईंच्या गुऱ्हाळाचा चरक बंद पडला. ऊस पिळणारी लोखंडी लाट ज्या पितळी कड्यात फिरते, तो बुश झिजून गेला होता. अंगणात तोडलेल्या उसाचा ढीग. ऊस वाळला की रस आंबतो, आणि आंबट रसाचा गूळ बाजारात कुणी हुंगतही नाही. वर्षभराची कमाई त्या ढिगात पडलेली.

माणिकरावांनी एकाच पितळेतून दोन बुश कातले होते. पहिला त्यांनी सकाळीच घणाला अर्पण केला. तो तडकला.

"मिस्तरी, ऊस मी गाळते," बायनाबाई म्हणाल्या, "तुमी बुशाचा भुगा करू नका."

"मावशी, बुश बसतो ते घर बिडाचं हाय. तापवलं तर फुटतंय, ठोकलं तर बुश फुटायलाय. म्या तरी काय करू?"

त्यांच्या आवाजात पैलवान नव्हता. उरला होता एकच बुश, आणि त्याच्यासारखं पितळ नांदेडशिवाय मिळणार नव्हतं.

तेवढ्यात धम्मानंदची मोटारसायकल थांबली. धम्मानंद गाईम्हशींना कृत्रिम रेतन करतो. माणिकराव त्याला 'बैल डब्यात घालून हिंडणारा' म्हणत.

"वहिनीचा फोन आला होता. तुमची गाय माजावर आलीय म्हणं. तुमच्याच घरी चाललोय," असं म्हणत त्याने डबा सावलीत ठेवला आणि रेत गोठवून ठेवणारा पातळ नायट्रोजन किती उरलाय हे बघायला झाकण उचललं. पांढरा धूर काठावरून खाली सांडला.

माणिकराव बघतच राहिले. तरुणपणी वाळूजच्या कारखान्यात त्यांनी हाच धूर पाहिला होता. गारठलेलं पितळ आक्रसतं, घरात आपसूक जातं, आणि ऊब आली की फुगून घट्ट बसतं.

"धम्मा, तुझ्या बैलाला जरा सरकव. आमचा बुश आत येऊ दे."

"डब्याचं तोंड बघा आधी, तुमच्या बुशाचं बघा मग."

शेवटी लस ठेवायचा थर्माकोलचा खोका निघाला. जाड हातमोजे चढवून धम्मानंदनं नायट्रोजन ओतला. तारेला बांधलेला बुश आत गेला तसा कढईत भजी सोडल्यागत चुरचुराट झाला. चुरचुर थांबल्यावर माणिकरावांनी बुश वर काढला. आणि बायनाबाई आडव्या आल्या.

"हळदकुंकू न लावता? माझ्या चरकात?"

"मावशी, बोट लावू नका! कातडी चिकटून बसंल!" धम्मानंद ओरडला.

मग बोटाऐवजी काडीनं कुंकू लावायचं ठरलं. उदबत्ती वाऱ्यानं विझली. नारळ तर माणिकरावांसारखाच हट्टी निघाला, फुटेचना. एवढं होईतो बुशाची थंडी ओसरली. घराच्या तोंडाशी टेकला तो टेकलाच.

बायनाबाई उसाच्या ढिगावर बसल्या. "माझ्याच हातानं घालवलं मी," त्या हळूच म्हणाल्या.

धम्मानंदनं डब्यात डोकावलं. "आणखी एकदा पुरंल. पण रेताची कांडी उघडी पडून वाया जाईल. शेवटचीच हाय, तुमच्या गाईची."

माणिकरावांच्या डोळ्यांसमोर राजेश्रीबाई, म्हणजे त्यांची कारभारीण, उभी राहिली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घणाविना विचार केला.

"मग आधी गाईचं उरकू, मागून बुशाचं!"

सगळी वरात त्यांच्या गोठ्याकडे निघाली. राजेश्रीबाईंनी एवढी माणसं पाहून विचारलं, "गाईला बघायला आलेत काय हे समदे?" कार्य उरकलं, वरात परतली.

या खेपेला कुंकू आधी लागलं, नारळ आधी फुटला. मग उरलासुरला नायट्रोजन ओतला. बुश बाहेर आला तेव्हा कुंकवावर दहिवर जमलं होतं. माणिकरावांनी तेलाचं छिद्र नेमकं जुळवलं आणि हातमोजे घातलेल्या दोन्ही हातांनी बुश सोडला. तो लेकरू कुशीत शिरावं तसा आत गेला. आवाजसुद्धा नाही. थोड्या वेळानं त्यांनी हलवून पाहिला, तर पहाड.

संध्याकाळी चरक फिरला. पहिल्या काकवीची वाटी बायनाबाईंनी धम्मानंदपुढे धरली.

"खा रं लेकरा. तुझ्या डब्यानं माझं वरीस वाचवलं."

आभार मानायची माणिकरावांच्या जिभेला सवय नव्हती. त्यांनी धम्मानंदचा डबा उचलला आणि स्वतः मोटारसायकलला बांधला. गाठ दोनदा तपासली.

दसऱ्याच्या सुमारास गाय व्याली, कालवड झाली. बायनाबाईंच्या त्याच गुळाचा खरवस राजेश्रीबाईंनी केला. घरात कुणी बोट लावायच्या आत पहिली वडी डब्यात घालून माणिकराव निघाले.

"कुठं निघालात?"

"डॉक्टरकडं," माणिकराव म्हणाले. धम्माला ते डॉक्टर म्हणाले, हे राजेश्रीबाईंनी दिवसभर गल्लीत सांगितलं.